तापल्या घोडीला पाणी पाजावं का?

पत्र

गेल्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारातून सात वर्षांची मारवाडी घोडी घेतली. नाव चांदणी. आम्ही सासवडजवळ राहतो. ऑगस्टपासून तिला नेमाने फिरवतोय आणि जानेवारीत ४० किलोमीटरच्या एन्ड्युरन्स (लांब पल्ल्याच्या) स्पर्धेत उतरायचा विचार आहे. गेल्या रविवारी पहिल्यांदाच २५ किलोमीटर केले. आधी कधी १२-१३ च्या वर गेलो नव्हतो. सकाळी साडेनऊला निघालो, बाराला परत आलो. वाटेत ती कुठे रेंगाळली नाही, उलट जोरात होती. घरी आल्यावर मात्र बरगड्यांच्या मागची कूस उचकी लागल्यासारखी उडायला लागली. बादली पुढे केली तर तोंड लावेना. आमचे चुलते, आप्पा, म्हणाले, "तापल्या जनावराला पाणी दाखवू नको, घामावर तर ओतूच नको, पाय धरतात." म्हणून नुसती सावलीत बांधली. तासाभराने उचकी थांबली. खुराक रोज तीन किलो भिजवलेले हरभरे, गव्हाचा कोंडा आणि लसूणघास भरपूर. मीठ वेगळं देत नाही. माझं वजन ६२ किलो, खोगीर-सामान १० किलो. चुकलं कुठे? आणि जानेवारीत उतरू का?

— एक वाचक, सासवड (जि. पुणे)

उत्तर

नमस्कार. जानेवारीचं नंतर बघू, आधी त्या उचकीचं बोलू. ती आपल्याला लागते तशी उचकी नव्हे. घोड्यांच्या डॉक्टरांत तिला 'थम्प्स' म्हणतात. पुन्हा कधी दिसली तर एक हात कुशीवर ठेवा आणि दुसऱ्या हाताने डाव्या कोपरामागे छातीचा ठोका धरा. कूस हृदयाच्या ठोक्याला ठोका मिळवून उडत असेल तर शंका उरत नाही. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला हलवणारी नस हृदयाला लागून जाते. घामातून क्लोराइड, पोटॅशियम निघून गेलं आणि रक्तातलं कामाचं कॅल्शियम उतरलं की ही नस इतकी हळवी होते की हृदयाच्या प्रत्येक ठोक्याची वीज तिला लागते आणि पडदा झटका देतो. झटक्याने घोडं मरत नाही. पण रक्तातले क्षार पार बिघडल्याची ती खूण आहे. तशाच अवस्थेत पुढे दामटलं तर आतडी थंडावतात, पोटशूळ उठतो, पुठ्ठ्याचे स्नायू आखडतात.

आता तुम्हाला वाटेल, भरपूर लसूणघास खाणाऱ्या घोडीला कॅल्शियम कमी पडेल कसं? सासवड-बारामती पट्ट्यातल्या दूधवाल्याला हे कोडं ऐकून माहीत असतं. आटवलेल्या गाईला विण्याआधी कॅल्शियम पाजत बसलं की व्यायल्यावर तीच गाय दुग्धज्वराने (रक्तातलं कॅल्शियम उतरून) बसते. चाऱ्यातून आयतं मिळत राहिलं की हाडांतलं कॅल्शियम काढून रक्तात सोडणारी शरीराची यंत्रणा आळसावते, आणि एकदम गरज पडली की वेळेवर जागी होत नाही. घोडीचंही तेच. म्हणून लसूणघास बंद नको, पण हिरवा पाच किलोच्या आत आणा आणि ऐन लांब फेरीच्या आधीचे चार-पाच दिवस त्याहून कमी करा. बाकी पोट वाळलेल्या गवताने, ओटच्या वैरणीने किंवा कुट्टी केलेल्या ज्वारीच्या कडब्याने भरा. हिरवी कोवळी ज्वारी मात्र घोड्याला दाखवूही नका, तिच्यात विषारी सायनाइड तयार होतं.

दुसरी गोष्ट, ती पाणी का प्यायली नाही. यावर जरा थांबतो, कारण बहुतेक घोडी इथेच बिघडतात. माणसाचा घाम रक्तापेक्षा पातळ असतो. पाणी जास्त जातं, मीठ कमी, त्यामुळे उरलेलं रक्त खारट होतं आणि मेंदू तहान लावतो. घोड्याचा घाम रक्ताइतकाच, कधी त्याहूनही खारट. एका लिटरमागे साधारण १० ग्रॅम क्षार निघून जातात: त्यात निम्म्याहून अधिक क्लोराइड, तीनेक ग्रॅम सोडियम, दीडेक ग्रॅम पोटॅशियम. पाणी आणि मीठ दोन्ही सारख्या प्रमाणात गेलं की रक्ताचा खारटपणा बदलत नाही, आणि तहानेची घंटाच वाजत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात मध्यम चालीने चालणारं तुमच्या घोडीएवढं जनावर तासाला सहा ते आठ लिटर घाम सहज गाळतं. अडीच तासांत पंधरा ते वीस लिटर. म्हणजे दीडदोनशे ग्रॅम क्षार गेले, आणि खुराकात तुम्ही चिमूटभर मीठही घालत नव्हता. बादलीला तोंड न लावणं हा नखरा नव्हता. शरीर सुकलं होतं आणि तिला ते कळत नव्हतं.

आता आप्पांचं. त्यांच्या दोन्ही नियमांना जुनं मूळ आहे, पण तुमच्या रविवारला त्यातला एकही लागू नव्हता. तापल्या घोड्याने थंड पाणी प्यायलं की पोट धरतं, ही समजूत जगभर होती. ती खरी नाही. चालीच्या कामात घोड्याला वाटेत जिथे मिळेल तिथे, मागेल तेवढं पिऊ द्यावं आणि पिऊन झालं की पाच-दहा मिनिटं कदम चालीने (सावकाश चालवत) न्यावं. ओढा आला की थांबा, लगाम सैल सोडा, तिने मान वर केली तरी लगेच हलू नका. बरीच घोडी एकदा मान वर करून इकडे-तिकडे बघतात आणि पुन्हा पितात. स्वार त्या वेळीच टाच मारतो आणि उरलेलं पाणी ओढ्यात राहतं.

घामावर पाणी ओतण्याचंही तसंच. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकआधी उष्ण-दमट हवेत घोडी वाचवायची कशी, यावर बरंच काम झालं. तेव्हा दिसलं की तापलेल्या घोड्याच्या अंगभर गार पाणी ओतत राहिल्याने स्नायू आखडत नाहीत, अंग मात्र झपाट्याने निवतं. घोड्याच्या स्नायूत तयार होणाऱ्या शक्तीतला मोठा वाटा उष्णता होऊन बाहेर पडतो, आणि थांबल्यावरही काही मिनिटं अंगाचं तापमान चढतच राहतं. नुसतं सावलीत बांधणं म्हणूनच पुरत नाही. घाम वाळून अंग गार पडतं खरं, पण त्यासाठी घोडी आणखी पाणी आणि आणखी मीठ खर्च करते. बाहेरचं पाणी ओतलंत तर तिचं आतलं वाचतं.

ओतायचं कसं? मान, छाती, काखा, पोटाचा खालचा भाग, मांड्यांच्या आत. तिथे मोठ्या शिरा कातडीलगत असतात. मगाने ओतत राहायचं, थांबायचं नाही. पाणी भरपूर असेल तर निपटत बसू नका, लगेच पुढचं ओता. मोजकंच असेल तर ओतल्यावर हाताने निपटून काढा, कारण कातडीवर राहिलेलं पाणी क्षणात कोमट होतं आणि घोंगडीसारखं ऊब धरतं. ओला टॉवेल पाठीवर टाकून ठेवू नका, त्यानेही तेच होतं. दर पाच मिनिटांनी गुदद्वारात थर्मामीटर लावा. विश्रांतीत ९९ ते १०१ फॅरनहाइट असतं, कामानंतर १०२-१०३ होणारच. १०४ दिसलं तर १०२ च्या खाली येईपर्यंत ओतणं थांबवायचं नाही. १०६ च्या आसपास गेलं तर ओतता ओतताच दुसऱ्याला डॉक्टरांना फोन लावायला सांगा.

आप्पांची भीती खरी ठरते ती जानेवारीत. पहाटे दहा-बारा अंश, वारा सुटलेला, घोडी नुकतीच थांबलेली. अशा वेळी पुठ्ठ्याच्या आणि कमरेच्या मोठ्या स्नायूंवर गार पाणी नको. मान आणि छातीवर ओता, कमरेवर झूल टाका. आप्पांना असं समजावलंत तर त्यांना पटेल.

एक साधा हिशेब हवेचाही करा. तापमान फॅरनहाइटमध्ये घ्या आणि त्यात आर्द्रतेचा टक्का मिळवा. बेरीज १३० च्या आत असेल तर घोड्याला स्वतःचं अंग निववता येतं, १५० च्या वर घाम नीट वाळत नाही, १८० ला काम बंद. पुण्यात याचा गमतीदार परिणाम होतो. एप्रिलची ३८ अंशांची कोरडी दुपार म्हणजे १०० अधिक २०, एकशेवीस. जुलैची २८ अंशांची ढगाळ, 'काय छान हवा आहे' वाटणारी दुपार म्हणजे ८२ अधिक ८५, एकशे सदुसष्ट! पावसाळ्यात घोडी माणसाच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त तापतात ती यामुळे. पण ही बेरीज बघून एप्रिलच्या दुपारी खोगीर कसू नका, तिच्यात ऊन धरलेलं नाही. ऑक्टोबरात पहाटे सहाला निघा, साडेआठपर्यंत परत या. साडेनऊला निघालात तिथेच निम्मी चूक झाली. वेग ताशी दहाचाच होता, तो काही फार नव्हे.

मिठाचं आजपासून सुरू करा. रोज खुराकात ३० ग्रॅम साधं मीठ, कामाच्या दिवशी ५०. साध्या पोह्याच्या चमच्याने मोजू नका, एकदा किचनच्या वजनकाट्यावर तोलून कुठल्या मापात किती बसतं ते ठरवून ठेवा. लांब फेरीसाठी वेगळं मिश्रण: दोन भाग साधं मीठ, एक भाग पोटॅशियम क्लोराइड (डॉक्टरांना विचारून औषधाच्या दुकानातून घ्या). या मिश्रणाचे ३० ग्रॅम कुस्करलेल्या पिकल्या केळ्यात किंवा थोड्या गोडेतेलात कालवून, ६० मिलीच्या बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या आत मागे सोडायचे. उन्हाच्या दिवशी साधारण दर १५-२० किलोमीटरमागे एकदा. अट एकच, आणि ती मोडायची नाही: घोडी आधी प्यायलेली असली पाहिजे आणि पोटात चारा असला पाहिजे. सुकलेल्या, न प्यायलेल्या घोडीला मीठ पाजलं तर ते रक्तातलं उरलंसुरलं पाणी आतड्यात ओढून घेतं आणि तुम्ही मदतीऐवजी घात करता. रिकाम्या जठरावर पडलं तर जखमा चिघळतात. दिल्यावर तोंड पाण्याने धुवा, नाहीतर खारट चवीला वैतागून ती पुढची बादली टाळेल.

काम संपल्याबरोबर आणखी एक युक्ती चालते. पहिली बादली हलक्या खारट पाण्याची द्या, दहा लिटरला ९० ग्रॅम मीठ. त्याने तहानेची घंटा वाजते आणि मागून ठेवलेल्या साध्या पाण्यावर घोडी तुटून पडते. पण ही चव घरी पंधरा-वीस दिवस सवयीची करावी लागते, कमी मिठापासून चढवत. स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा दाखवली तर ती हुंगून तोंड फिरवेल. साधं पाणी नेहमी शेजारी असलंच पाहिजे.

खाण्याचा सोडा मात्र देऊ नका. "अंगात आम्ल झालंय, सोडा पाजा" असं तबेल्यांत सर्रास सांगतात. लांब अंतराच्या घोड्याचं उलट असतं. क्लोराइड गेल्याने रक्त आधीच अल्कलीकडे झुकलेलं असतं, सोड्याने ते आणखी झुकतं आणि थम्प्स बळावतात. वासरांच्या हगवणीसाठी मिळणाऱ्या पुड्या आणि माणसांचं ओआरएस यांतही तेच अल्कली करणारे घटक असतात आणि मीठ घोड्याच्या मानाने फार थोडं.

पुन्हा थम्प्स दिसलेच तर स्वार खाली, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) सैल, सावली, अंगावर पाणी, पुढे बादली आणि मूठभर ओलं गवत. वीस-पंचवीस मिनिटांत कमी होईना, किंवा सोबत घोडी लटपटली, तर डॉक्टर. शिरेतून कॅल्शियमची बाटली लावतात, आणि ती तालुक्यातल्या जवळपास प्रत्येक पशुवैद्यकाच्या पेटीत गाईंसाठी असतेच. म्हणूनच सांगतो, शेजारच्या गोठ्यातली बाटली उचलून कुणा हौशी माणसाला लावू देऊ नका. कॅल्शियम भराभर गेलं तर हृदय बंद पडतं. स्टेथोस्कोप छातीवर ठेवून, थेंब मोजत लावायचं ते काम आहे. दुखणं थांबवायची इंजेक्शनंही सुकलेल्या घोडीला परस्पर टोचू नका, मूत्रपिंडं जातात. शिवाय स्पर्धेत ते औषधबंदीच्या नियमात अडकतं ते वेगळंच.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला खटकलं: "जोरात होती." घोडा कळपातलं जनावर आहे. दुबळेपणा दाखवणारं जनावर कळपात आधी मारलं जातं, म्हणून तो शेवटपर्यंत लपवतो. डोळ्यांचा जोर, कानांची टोकं, यांवर भरवसा ठेवायचा नाही, मोजायचं. हजाराच्या आत मिळणारा साधा स्टेथोस्कोप घ्या. डाव्या कोपराच्या मागे, तंग बसतो त्या जागी, चकती कोपराखाली थोडी पुढे सरकवून धरा. 'लब-डब' मिळून एक ठोका धरायचा. नवखी माणसं दोन मोजतात आणि आकडा दुप्पट पाहून घाबरतात. तीस सेकंद मोजून दुप्पट करा. निवांत उभ्या घोडीचा आकडा मिनिटाला २८ ते ४४. रोज सकाळी खुराकाआधी मोजून वहीत लिहा, पंधरा दिवसांत तिचा स्वतःचा आकडा कळेल. तो एखाद्या सकाळी आठ-दहाने चढलेला दिसला तर त्या दिवशी खोगीर चढवायचं नाही, कुठेतरी दुखतंय किंवा ताप येतोय.

फेरी संपल्यावर घड्याळ लावा. स्पर्धेत मधल्या थांब्यावर डॉक्टर बहुधा ६४ ठोक्यांची मर्यादा धरतात. आंतरराष्ट्रीय नियमांत तिथे ठोके तेवढे उतरायला पंधरा मिनिटं मिळतात. तुमच्या स्पर्धेचा आकडा माहितीपत्रकात बघून घ्या. घरी मात्र दहा मिनिटांत ६४ च्या खाली आलं पाहिजे असंच धरा. वीस मिनिटांनीही येत नसेल तर ती फेरी तिच्या ताकदीबाहेरची होती, पुढच्या वेळी अंतर किंवा वेग कमी. ६४ च्या खाली आल्यावर आणखी एक चाचणी करा. ठोके मोजा, मग तिला दोरीवर ४० मीटर दुडक्या चालीने नेऊन तशीच परत आणा. निघाल्यापासून बरोबर एक मिनिटाने पुन्हा मोजा. आकडा तोच किंवा कमी आला तर उत्तम. चारने वाढला तर सावध, आठने वाढला तर त्या दिवसाचं काम संपलं, स्पर्धा असली तरी. हे काम आप्पांना द्या. घड्याळ त्यांच्या हातात, आकडा त्यांच्या तोंडून. पाणी ओतल्यावर ठोके कसे उतरतात ते त्यांनी स्वतः मोजलं की वाद आपोआप संपेल.

इथे मारवाडी घोड्याची एक अडचण येते. तुमची घोडी रवाल (एका बाजूचे दोन्ही पाय लागोपाठ पडतात ती चाल) चालत असेल तर दोरीवर धरल्यावरही ती रवालच टाकेल. डॉक्टरांना लंगडेपणा दिसतो तो दुडक्या चालीत, दोन-दोन पाय कर्णात पडतात तेव्हा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर उडतं, मागचा दुखत असेल तर त्या बाजूचा पुठ्ठा जास्त वर-खाली होतो. रवाल चालीत हे झाकलं जातं आणि डॉक्टर पुन्हा पुन्हा पळवायला लावतात. म्हणून सैल दोरीवर, डोकं मोकळं ठेवून, सरळ रेषेत दुडकी टाकायला तिला आतापासून शिकवा.

बाकीच्या खुणा हातानेच बघायच्या. हिरडीवर अंगठा दाबून सोडा, पांढरा डाग दोन सेकंदांत गुलाबी झाला पाहिजे. खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडा, ती लगेच सपाट व्हायला हवी. कुशीला दोन्ही बाजूंनी वर आणि खाली असे चार ठिकाणी कान लावा. गुडगुड ऐकू आली पाहिजे. पोट गप्प असेल तर बाकी सगळं ठीक दिसत असलं तरी थांबा. लघवी चहा-कॉफीच्या रंगाची, पुठ्ठे दगडासारखे, पाऊल उचलवेना, असं दिसलं तर स्नायू फुटताहेत. त्या घोडीला एक पाऊलही चालवायचं नाही, "चालवून मोकळी करू" म्हणणाऱ्याला लांब ठेवा आणि टेम्पो जागेवर बोलवा. हे बहुधा निघाल्यावर पहिल्या अर्ध्या तासात होतं, आणि आदल्या दिवशी सुट्टी देऊन खुराक मात्र पूर्ण घातलेला असतो.

त्यावरून खुराकाकडे. तीन किलो हरभरा तिच्या कामाला फार आहे. जास्तीची प्रथिनं लघवीवाटे फेकायला पाणी लागतं आणि अंगात उष्णता वाढते ती वेगळी. दोन आठवड्यांत हळूहळू उतरवत हरभरा एक किलोवर आणा, जोडीला किलोभर ओट किंवा जव. कोंडा मूठभर पुरे, त्यात फॉस्फरस फार. ताकद वाढवायला रोज ५० मिली गोडेतेलापासून सुरू करून २०० पर्यंत जा. सुट्टीच्या दिवशी दाणा निम्मा. चारा मात्र वजनाच्या दीड ते दोन टक्के रोज, कारण घोड्याच्या मोठ्या आतड्यातला चारा हीच त्याची पाण्याची टाकी असते. लांब फेरीच्या आदल्या रात्री गवत पुढून हलू देऊ नका, आणि निघण्याआधीच्या चार तासांत दाणा नको.

वजन तुम्ही कळवलं नाहीत. टेपने काढा: वाघाडीमागून (मानेखालच्या, खांद्यांवरच्या उंचवट्यामागून) छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले ११,८७७. घेर १६० आणि लांबी १५० असेल तर ३२३ किलो. स्वार आणि सामान मिळून पाचव्या हिश्शाच्या आत असावं, म्हणजे ६४-६५ किलो. तुमचं ७२ होतं. उपाशी राहायची गरज नाही. हलकं खोगीर घ्या आणि प्रत्येक उतारावर खाली उतरून तिच्या शेजारी पळा. दिवे घाटासारख्या उतारावर पाठीवर बसून राहिलात तर पुढच्या पायांवर जे ओझं येतं ते कुठल्याही चढाईपेक्षा वाईट. खोगीर काढल्यावर घामाचा ठसा बघा. सगळीकडे ओलं आणि मधेच तळहाताएवढी कोरडी जागा दिसली तर तिथे दाब इतका आहे की घामच आला नाही. पुढे तिथेच केस पांढरे होतात.

पायांबद्दल थोडक्यात पण नीट ऐका. दम तीन-चार महिन्यांत तयार होतो. शिरा-कंडरांना सहा महिने-वर्ष लागतं, हाडांना त्याहून जास्त. ऑगस्टपासून धरलं तर जानेवारीत तिची छाती तयार असेल, पाय नसतील. आणि बरोबर त्याच वेळी ती उडायला लागेल, तुम्हालाही मोह होईल. डांबरावर फक्त कदम चाल. मुरुमाच्या रस्त्यावर दुडकी. पावसाने भिजलेल्या काळ्या रानातून पळवू नका, ती चिकण माती नाल ओढून काढते आणि कंडरा ताणते. नालबंद दर पाच-सहा आठवड्यांनी, आणि स्पर्धेच्या आठ-दहा दिवस आधी, आदल्या दिवशी नव्हे. प्रत्येक लांब फेरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, काम करण्याआधी, चारही पायांच्या नळ्यांवरून (गुडघ्याखालच्या हाडांवरून) हात फिरवा. एका पायाला दुसऱ्यापेक्षा ऊब लागली की आठवडाभर विश्रांती.

आता कार्यक्रम. हा आठवडा नुसती कदम चाल, अर्धा-पाऊण तास. याच आठवड्यात रक्त तपासा. बाजारातून आलेली घोडी, पावसाळा नुकताच संपलेला, डास-माश्या भरपूर. मोठ्या चावऱ्या माश्यांतून पसरणारा सर्रा आणि गोचिडांतून येणारा ताप, दोन्ही अंगात दबून राहतात, रक्त पातळ करतात आणि कामात ठोके उतरू देत नाहीत. नमुना तुमच्या डॉक्टरांमार्फत औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवता येईल. सोबत ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची चाचणीही करून घ्या. तो माणसालाही होतो, आणि घोडी जिल्ह्याबाहेर न्यायची, स्पर्धेत उतरवायची तर दाखला मागतातच. धनुर्वाताची लस झाली नसेल तर तीही.

रक्त स्वच्छ आलं तर पुढच्या आठवड्यापासून आठ-दहा दिवसांतून एक लांब फेरी. पहिली १५ किलोमीटर, ताशी आठच्या वेगाने. दहा मिनिटांत ६४ आले तरच पुढची तीन-चार किलोमीटरने वाढवा. एका वेळी अंतर, वेग आणि चढ यांतलं एकच वाढवायचं. मधल्या दिवसांत पाऊण ते एक तासाच्या दोन-तीन हलक्या फेऱ्या, आठवड्यात निदान एक दिवस मोकळा सोडलेला. डिसेंबरअखेर ३० ते ३२ पर्यंत पोहोचलात की थांबा, शेवटची लांब फेरी स्पर्धेच्या दोन आठवडे आधी.

तेवढं जमलं तर जानेवारीत उतरा, पण फक्त ४० किलोमीटर पूर्ण करायला. सुरुवातीला सगळ्यांना पुढे जाऊ द्या, दहा मिनिटं मागे थांबून निघा, कारण घोळक्यात तिला आवरता येणार नाही. ताशी दहा-अकराच्या वर नको. आंतरराष्ट्रीय नियमांतही नवख्या घोड्याला पात्रता फेरीत ताशी १६ ची वेसण घातलेली असते. थांब्याआधीचा शेवटचा किलोमीटर उतरून, तंग दोन भोकं सैल करून, चालत या. पळत येऊन दहा मिनिटं ठोके उतरायची वाट बघणाऱ्याच्या आधी तुमची पोहोचल्याची वेळ नोंदली जाईल. कॅलिफोर्नियात १९५५ पासून भरणाऱ्या टेव्हिस कपमध्ये पहिल्या दहांत आलेल्या घोड्यांपैकी सर्वांत चांगल्या अवस्थेतल्या घोड्याला वेगळा हॅगिन कप देतात, आणि जाणकारांत त्याचा मान पहिल्या नंबरापेक्षा कमी समजत नाहीत.

डिसेंबरच्या मध्यापर्यंत फेरी २५ च्या पुढे सरकली नाही, किंवा थम्प्स पुन्हा एकदाही दिसले, तर यंदाचं नाव काढून घ्या आणि पुढच्या हंगामाची तयारी करा. आठ वर्षांची घोडी लांब अंतराला लहानच असते.

पुढच्या पत्रात एवढं कळवा: सकाळचे ठोके, १५ किलोमीटरनंतर दहाव्या मिनिटाचे ठोके, छातीचा घेर आणि लांबी, आणि रक्ताचा अहवाल. घाम वाळल्यावर कातडीवर पांढरी रेघ किती उमटते तेही लिहा, त्यावरून मिठाचं माप कमी-जास्त करू.